दाताची कॅप कुठे अडते?

पनवेल महापालिका २०१६ साली झाली, तेव्हा जुन्या गावाबरोबर कळंबोली, कामोठे, खारघर या सिडकोच्या वसाहतीही तिच्यात आल्या. या पट्ट्यात दातांच्या डॉक्टरांना तोटा नाही. कामोठ्याला एमजीएम, खारघरला वायएमटी, पुढे बेलापूरला भारती विद्यापीठ, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा: हार्बर मार्गाच्या एवढ्याशा टापूत पाच दंत महाविद्यालये. सोसायटीच्या तळमजल्यावर एक मेडिकल, एक इस्टेट एजंट आणि एक दातांचा दवाखाना, हे त्रिकूट इथे रस्त्यारस्त्याला भेटते. या दवाखान्यांना कॅप, ब्रिज आणि कवळ्या करून देणाऱ्या लॅब मात्र सहसा दर्शनी भागात नसतात. मागच्या गल्लीतला गाळा, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आत मायक्रोमोटरची घरघर आणि सगळ्यावर प्लास्टरचा पांढरा थर. तोंडात वर्षानुवर्षे राहणारी वस्तू कोणाच्या हातची, हे पेशंटला कधी कळत नाही.

लॅबमालक भेटला की त्याचे गाऱ्हाणे ठरलेले असते: माणसांकडून काम निघत नाही. डॉक्टर म्हणतात, कॅप वेळेवर येत नाही. टेक्निशियनला विचारावे, तर त्याने दिवसभर मान वर केलेली नसते. तिघेही खरेच बोलतात. टेक्निशियनची उत्पादकता वाढवायची म्हणून आजवर जे जे उपाय सांगितले गेले, ते बहुतेक त्याच्या हाताच्या वेगावर रोखलेले आहेत. माझ्या मते हाताचा वेग हा या हिशेबातला सर्वांत लहान आकडा. काम हातात येण्याआधी आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना जो वेळ जातो तो त्याहून मोठा, आणि परत आलेल्या कामात जो जातो तो सर्वांत मोठा.

आधी मोजणीकडे पाहू. लॅबमध्ये काम युनिटने मोजतात. एक कॅप म्हणजे एक युनिट, तीन दातांचा ब्रिज म्हणजे तीन. महिनाअखेरीला वहीत प्रत्येकाच्या नावापुढे युनिट पडतात, आणि अनेक ठिकाणी पगाराचा काही भाग त्यावरच ठरतो. समजा, एकाने महिन्यात २०० युनिट केली आणि त्यातली २० ‘रिमेक’ म्हणून परत आली. दुसऱ्याने १८५ केली, परत आली ३. वहीत पहिला पुढे. पेशंटच्या तोंडात बसलेली कामे मोजली तर पहिल्याची १८० आणि दुसऱ्याची १८२. पहिल्याच्या २० युनिटांचा धातू, पावडर, भट्टीचा वेळ आणि डॉक्टरच्या खुर्चीतली बैठक वाया गेली ती वेगळीच. तरीही दिवाळीला शाबासकी पहिल्याला मिळते.

म्हणून मोजायचे तर पहिल्या फटक्यात बसलेले युनिट मोजावे. यात एक मेख आहे. रिमेक सगळे टेक्निशियनच्या चुकीने येत नाहीत. माप ओढलेले असते, शेड चुकीची लिहिलेली असते, दात पुरेसा कापलेला नसतो. ही सगळी खापरे बेंचवरच्या माणसाच्या डोक्यावर फुटू लागली की तो रिमेक लपवायला शिकतो. रात्री थांबून गुपचूप दुसरी कॅप करतो आणि वहीत काही येत नाही. परत आलेल्या प्रत्येक कामापुढे कारण लिहायची सवय लॅबला हवी: माप, बाइट, शेड, फिटिंग, सिरॅमिक उडाले. दोन महिने एवढे प्रामाणिकपणे लिहिले तरी गळती कुठे आहे ते दिसते, आणि निम्म्या वेळा ती लॅबच्या बाहेर निघते.

बाहेरची गळती कशी असते, हे सकाळचे डबे उघडताना पाहावे. पिकअपवाल्या पोराने आणलेल्या पिशवीतून एक माप निघते. चिठ्ठीवर ‘४६, पीएफएम, ए२’, म्हणजे दाताचा क्रमांक, धातू-सिरॅमिकची कॅप आणि शेड, एवढेच. दाताच्या आतल्या बाजूला, जिथे कॅपची कड बसायची, तिथे मापाची पुट्टी फाटलेली. टेक्निशियन फोन लावतो.

“मॅडम, ४६चं माप आलंय, पण आतल्या बाजूला मार्जिन दिसत नाहीये. परत माप मिळेल का?”

“दादा, पेशंट परवा गावाला चाललाय हो. जरा चालवून घ्या ना.”

दादा चालवून घेतात. मार्जिन अंदाजाने कोरतात. नेहमी पाच-सात मिनिटांत सुटणारी डाय, म्हणजे त्या दाताची प्रतिकृती, पाऊण तास घेते, आणि आठवड्याने ती कॅप परत येण्याची शक्यता तरी राहतेच. या पाऊण तासाची नोंद कुठल्याही वहीत नसते.

मापाचे शास्त्र तसे दडलेले नाही. अल्जिनेटचे माप हवेत राहिले की पाणी सोडून आकसते, ओल्या कापसात बुडले की पाणी पिऊन फुगते. त्यात पंधरावीस मिनिटांत स्टोन, म्हणजे कडक प्लास्टर, ओतावे लागते. दवाखान्यात कॅपच्या दाताचे माप चांगल्या सिलिकॉनमध्ये घेतात आणि समोरच्या जबड्याचे स्वस्तातल्या अल्जिनेटमध्ये. ते दुपारपर्यंत ड्रॉवरमध्ये राहते, संध्याकाळी लॅबला पोचते. समोरचा साचाच खोटा झाल्यावर कॅप उंच लागणारच. मग डॉक्टर ती तोंडात घासत बसतात आणि लॅबला फोन करतात की तुमच्या माणसाला बाइट कळत नाही. ॲडिशन सिलिकॉनची तऱ्हा उलटी. ते कित्येक दिवस मापात फरक पडू देत नाही, पण त्यातल्या काही प्रकारांतून सुरुवातीला हायड्रोजन सुटतो आणि घाईने ओतलेल्या स्टोनवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. डॉक्टरने लॅटेक्सचे हातमोजे घालून पुट्टी मळली, तर मोज्यातल्या गंधकाने ती नीट घट्टही होत नाही. हे सगळे टेक्निशियनला ठाऊक असते. त्याचे ऐकायचे कोणी, हा प्रश्न आहे.

दात किती कापला, हाही लॅबच्याच वेळेचा प्रश्न. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपला धातूसाठी साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर, तो काळेपणा झाकणाऱ्या ओपेकसाठी ०.२-०.३ आणि वर रंगाच्या सिरॅमिकसाठी सुमारे एक मिलिमीटर लागतो. बाहेरच्या बाजूला जागाच एक मिलिमीटर सोडलेली असेल, तर दोनच वाटा उरतात: कॅप जाड करायची किंवा शेड पांढरट, मेलेली द्यायची. यावर कारागिराची कितीही मेहनत फुकट. काही लॅब आता माप उघडल्या उघडल्या एका जाणत्या माणसाकडून तपासून घेतात आणि खोट असेल तर फोटो काढून त्याच तासात डॉक्टरांना पाठवतात. माझ्या पाहण्यात यासारखा स्वस्त आणि गुणकारी उपाय दुसरा नाही. पण तो करायला मालकाच्या अंगात डॉक्टरला नाही म्हणायचे बळ लागते. महिन्याचे बिल उधारीवर, आणि शेजारच्या गल्लीत दुसरी लॅब दहा रुपये कमी घेऊन ‘चालवून घ्यायला’ तयार असते. गाडे रुततेय ते इथेच.

वाहतुकीचेही तसेच. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले तेव्हा मुंबई पनवेलच्या दारात आली, असे म्हटले गेले. मोटारवाल्यांपुरते ते खरे. लॅबचा डबा मोटरसायकलवर फिरतो आणि सेतूवर दुचाकीला बंदी आहे. दादरच्या डॉक्टरचे काम पनवेलला करायचे, तर पोराला सायन-पनवेल महामार्ग किंवा लोकल, याला आजही पर्याय नाही.

आता लॅबच्या आत येऊ. धातू-सिरॅमिकच्या कॅपचा प्रवास लांबलचक आहे. स्टोन ओतणे, डाय कापणे, मेणाचा साचा, स्प्रू, इन्व्हेस्टमेंट, बर्नआउट, कास्टिंग, रिंग फोडणे, सँडब्लास्टिंग, धातू घासणे, ओपेक, सिरॅमिक चढवणे, भाजणे, आकार, ग्लेझ. एका कॅपला माणसाचा हात लागतो तो सगळा मिळून दोनेक तास. लॅब मात्र पाच-सहा दिवस मागते. मधला वेळ जातो कुठे? बहुतेक थांबण्यात.

जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांविषयीचा एक साधा नियम सिद्ध केला: चालू कामांची संख्या भागिले रोज पुरी होणारी कामे म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. लॅबमध्ये ४० युनिट अर्धवट पडलेली असतील आणि रोज ८ बाहेर पडत असतील, तर नव्या कामाला पाच दिवस लागणारच, मग टेक्निशियन कितीही झपाझप हात चालवो. टेबलावर डब्यांची चळत दिसली की मालकाला धंदा जोरात असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती चळतच उशीर करत असते. निकडीचे काम आले की ते चळतीतून उपसून काढायचे, बाकीची मागे टाकायची, उद्या त्यातले एखादे निकडीचे होणार. नवे काम तेव्हाच टेबलावर घ्यायचे जेव्हा पुढचे टेबल मोकळे असेल, ही शिस्त ऐकायला सोपी आहे. पाळायला अवघड, कारण हात रिकामा बसलेला कोणाही मालकाला बघवत नाही.

एलियाहू गोल्डरॅट यांनी ‘द गोल’ या १९८४ च्या कादंबरीत सांगितलेली गोष्टही इथे लागू पडते: साऱ्या कारखान्याचा वेग त्यातल्या सर्वांत अरुंद जागेएवढाच. लहान लॅबमध्ये ती जागा बहुधा सिरॅमिकची भट्टी असते. ओपेकचे दोन थर, सिरॅमिकचे दोन, शेवटी ग्लेझ, म्हणजे किमान पाच भाजण्या. सिरॅमिक भाजताना बरेच आकसते, म्हणून एका भाजणीत आकार पुरा होत नाही. वाळवण्यापासून थंड होण्यापर्यंत एका फेरीला वीसेक मिनिटे धरली, तर नऊ तासांत जास्तीत जास्त २७ फेऱ्या. पाच-पाचच्या हिशेबाने पाच तुकड्या, एका तुकडीत सहा युनिट धरली तर तीस युनिट. एवढी प्रत्यक्षात कधीच निघत नाहीत. ओपेकचे तापमान वेगळे, ग्लेझचे वेगळे. वेगवेगळ्या टप्प्यांवरची कामे एका फेरीत घालता येत नाहीत. त्यामुळे सहाच्या ट्रेवर एक कॅप एकटीच भाजली जाते आणि तीन सिरॅमिस्ट आपापली कामे घेऊन भट्टीपाशी उभे. अशा वेळी चौथा सिरॅमिस्ट नेमल्याने रांग वाढते. दुसरी भट्टी घेतली, किंवा दिवसाची कामे टप्प्यांप्रमाणे एकत्र बांधली, तर तीच तीन माणसे जास्त काम देतात. भाजणी चालू असताना वीज गेली आणि मागे इन्व्हर्टर नसेल, तर ती फेरी गेलीच, कधी कधी आतले कामही जाते.

इन्व्हेस्टमेंट म्हणजे मेणाभोवती ओतलेले प्लास्टरसारखे मिश्रण, आणि बर्नआउट म्हणजे त्यातले मेण जाळून काढणे; त्याचे गणित आणखी कडक. नेहमीच्या इन्व्हेस्टमेंटची रिंग हळूहळू तापवत ८५०-९५० अंशांपर्यंत न्यावी लागते, त्याला काही तास लागतात. म्हणून बऱ्याच लॅब रिंगा रात्री लावतात आणि सकाळी धातू ओततात. मेणाचे काम संध्याकाळी सातला संपायचे ते साडेआठला संपले, तर शेवटची लोकल चुकल्यासारखे होते. दीड तासाच्या उशिराने पुरा दिवस जातो. झटपट तापणारी इन्व्हेस्टमेंट मिळते, तासाभरात काम होते, पण पाणी-पावडरचे प्रमाण आणि वेळ तंतोतंत पाळली नाही तर रिंग तडकते.

मागणीही सारखी नसते. मुंबई-गोवा महामार्ग पनवेलपासून सुरू होतो आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात पेशंट, डॉक्टर, टेक्निशियन सगळ्यांचे डोळे त्याच रस्त्याकडे लागलेले असतात. पेशंटला गावी जाण्याआधी समोरचा दात हवा असतो. तो दात करणाऱ्यालाही गावीच जायचे असते. या दिवसांत हात घाईचा होतो आणि त्यातले रिमेक गौरी-विसर्जनानंतर परत येतात. कोकणाशी बांधलेल्या लॅबने जुलैतच डॉक्टरांना शेवटची तारीख कळवून टाकावी, एवढाही उपाय पुष्कळ काम करतो. मोठ्या यंत्राने हे साधत नाही.

कामाची वाटणी कशी करावी यावर लॅबवाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, टेबलवार वाटा: एक जण डाय कापेल, एक मेण, एक धातू, एक सिरॅमिक. हात बसतो, वेग येतो, नवा माणूस तीन महिन्यांत कामाला लागतो. दुसरा म्हणतो, एकाच माणसाने अथपासून इतिपर्यंत केस करावी. जबाबदारी त्याची राहते आणि चूक पुढच्या टेबलावर ढकलता येत नाही. मागच्या दाढांच्या रोजच्या कॅपना टेबलवार पद्धत ठीक. समोरच्या सहा दातांना ती मारक. मेण लावणाऱ्याला पेशंटचा फोटो पाहायला मिळत नाही आणि सिरॅमिकवाल्याला धातूचा आकार बदलता येत नाही. टेबलवार वाटणीत आणखी एक नुकसान होते, ते उशिरा कळते. आठ वर्षे नुसते धातू घासलेला माणूस टेक्निशियन म्हणवला जातो, पण त्याला कॅप करता येत नाही. सिरॅमिकवाला आजारी पडला की लॅब बसते. ज्या लॅब दर सहा महिन्यांनी माणसांचे टेबल बदलतात, त्यांचा त्या महिन्यातला आकडा पडतो आणि पुढच्या वर्षाचा सावरतो.

हस्तकला कारखान्यात जाताना पनवेलने पूर्वीही पाहिली आहे. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथेच धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना सुरू केला आणि वैद्याच्या खलातले औषध बाटलीतून गावोगाव गेले. दाताच्या कामातही असेच टप्पे आले. विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ मध्ये मेण जाळून धातू ओतण्याची रीत दंतवैद्यकात आणली, १९६२ मध्ये वाइनस्टीन यांच्या पेटंटांनी धातूवर सिरॅमिक चिकटवण्याची वाट मोकळी केली, आणि १९८५ मध्ये झुरिकमध्ये मॉर्मान आणि ब्रँडेस्टिनी यांच्या सेरेक यंत्राने संगणकावर आखलेले काम पेशंटच्या तोंडात बसवले. आज स्कॅनर, डिझाइनचे सॉफ्टवेअर, झिर्कोनियाची ९८ मिलिमीटरची डिस्क आणि मिलिंग यंत्र एवढ्यावर मेण, रिंग, कास्टिंग सगळे गळून पडते. कॅपच्या आतले धातूचे कवच, म्हणजे कोपिंगही, लेझरने पावडर वितळवून होते.

उत्पादकतेच्या नावाने यंत्र विकणारे इथेच थांबतात. पुढचे ते सांगत नाहीत. झिर्कोनिया कच्ची असताना कापतात, म्हणून ती २०-२५ टक्के मोठी कापावी लागते, आणि मग १५०० अंशांच्या आसपास भाजून आकसवतात. नेहमीच्या पद्धतीने ही भाजणी रात्रभराची. म्हणजे रात्रीची रिंग जाऊन रात्रीची सिंटरिंग आली. संध्याकाळी ट्रे चुकला की दिवस पुन्हा जातोच. अरुंद जागा भट्टीवरून सरकून डिझाइनच्या खुर्चीवर आणि शेवटच्या रंगकामावर येते. डिझाइन करणारा एकच मुलगा असेल आणि तो नोकरी बदलून गेला, तर लाखो रुपयांचे यंत्र पांघरूण घालून बसते. दवाखान्यातच तोंडाचे स्कॅन होत असेल तर मापाच्या बऱ्याच तक्रारी मिटतात, पण नीट न कापलेला दात स्कॅनरमध्येही तसाच दिसतो.

लहान लॅबने म्हणून यंत्र घेण्याची घाई करू नये, असे मला वाटते. फाइल पाठवून मिलिंग सेंटरकडून कापून घेता येते. स्कॅनर आणि डिझाइन मात्र स्वतःकडे ठेवावे, कारण कसब आता तिथे आहे. मोठ्यांशी आकड्यांची स्पर्धा लहानांच्या आवाक्यातली नाही. मीरा रोड आणि बोईसरला कारखाने असलेली लक्ष्मी डेंटल जानेवारी २०२५ मध्ये शेअर बाजारात आली, केरळातल्या मूवाट्टुपुळाची डेंटकेअर देशभरातून माप मागवते. पनवेलच्या लॅबजवळ त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट आहे: टेक्निशियन स्कूटरवर बसून अर्ध्या तासात कामोठ्याच्या खुर्चीतल्या पेशंटची शेड स्वतः पाहून येऊ शकतो. शेड गाइडच्या सोळा पट्ट्या ट्यूबलाइटखाली धरून कोणी तरी लिहिलेल्या ‘ए२’पेक्षा ती एक फेरी जास्त वेळ वाचवते. किती लॅब आपल्या माणसाला पाठवतात? बेंचवरून उठला की युनिट बुडाले, हा हिशेब आड येतो.

माणूस तयार करण्याचा प्रश्न याहून जुना. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने डेंटल मेकॅनिकला डॉक्टरांबरोबर जागा दिली, दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. तरी लॅबमध्ये भेटणारे बहुतेक जण बेंचवर शेजारच्याचे पाहूनच शिकलेले असतात. २०२३ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला. टेबलावर शिकलेल्या माणसाला त्यात परीक्षा देऊन कागद मिळवायची वाट निघाली, तर त्याचा पगार आणि टिकून राहणे दोन्ही सुधारेल. सध्या त्याला बढती म्हणजे स्वतःची लॅब काढणे. जो चांगला तयार झाला तो दोन डॉक्टर बरोबर घेऊन बाहेर पडतो, म्हणून मालक शिकवायला कचरतो, आणि न शिकवलेल्या माणसाकडून काम निघत नाही अशी तक्रार करतो.

आता शरीर. दिवसभर वाकलेली मान, मायक्रोमोटरने मुंग्या येणारी बोटे, चाळिशीनंतर मार्जिन दिसेनासे होणे, यावर चांगली खुर्ची, भिंग आणि उजेड हे उपाय आहेत आणि ते सिरॅमिस्टचा वेग खरोखर वाढवतात. धुळीचे तसे नाही. रिंग फोडताना इन्व्हेस्टमेंटमधली सिलिका उडते, सँडब्लास्टिंगला आणि धातू घासताना निकेल-क्रोमियमचा बारीक कण हवेत राहतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००४ साली पाच राज्यांतल्या डेंटल टेक्निशियनांमध्ये आढळलेल्या सिलिकोसिस या फुफ्फुसांच्या आजाराच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. प्रगत देशातल्या लॅबमधली ही गोष्ट. रिंग पाण्यात भिजवून फोडणे आणि टेबलाला सक्शन लावणे एवढ्याने धोका बराच उतरतो. सिलिकोसिस हा १९४८ च्या कारखाने कायद्यानेही कळवणे बंधनकारक केलेला आजार होता, पण पाच-सात माणसांची लॅब कारखान्याच्या व्याख्येत बसतच नाही. तिथे तपासणीला कोणी येत नाही, सक्शन लावायचे की नाही हे मालक ठरवतो, आणि रिंगा फोडायचे काम बहुतेक ठिकाणी सर्वांत नव्या पोराला देतात.